कुठलं काळीज?

आजारी माणसाच्या घरच्यांनी हे आधी वाचावं, आजाऱ्याने मग. आजाऱ्याला काय, पडून राहण्यापलीकडे उद्योग नसतो, तो कधीही वाचेल. घरची माणसं मात्र घाईत असतात. घाईत कानावर पडलेला एखादाच शब्द उचलतात आणि त्या एका शब्दावर अख्खं घर चालवतात. आमच्या घरी अगदी असंच झालं, आणि त्यापायी माझी नि माझ्या वडिलांची शेवटची भेट हुकायची वेळ आली होती.

मी हमीदा. माहेर शिरूरचं, सासर दौंडचं. अब्बा बाजारांच्या गावी बांगड्या विकायचे. आमचे हे रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते. सासूबाईंना मी अम्मा म्हणायची. घरात आम्ही दखनी आणि मराठी अशी खिचडी बोलायचो, पण इथे सगळं मराठीतच लिहिते. गोष्ट साठ सालाच्या आसपासची आहे. तेव्हा मी पंचविशीतही नव्हते, आणि आजारी पडणं हे म्हाताऱ्यांचं काम अशी माझी पक्की समजूत होती.

खांदा

सुरुवात खांद्यापासून झाली. उजवा खांदा ठणकायचा. मी नळावरच्या हंड्यांना दोष दिला, अम्मांनी माझ्या झोपण्याच्या पद्धतीला दिला. तेल चोळून झालं, ओव्याच्या पुरचुंडीने शेकून झालं. मग थंडी वाजून ताप यायला लागला. दुपारी हुडहुडी, संध्याकाळी घामाने पातळ ओलं. जोरात श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली अशी कळ यायची की पुढचा श्वास घ्यावा की नको असं व्हायचं. पावसाळ्यात मला आव झाली होती. ती बरी झाली म्हणून मी विसरून गेले होते. ती मात्र मला विसरली नव्हती.

शेवटी ह्यांनी सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टर पुण्याहून नुकतेच आलेले, तरुण, सज्जन माणूस. त्यांनी माझ्या उजव्या बरगड्यांच्या मधे दोन बोटं ठेवून नुसतं दाबलं, आणि मी अशी किंचाळले की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. डॉक्टरांनी मान हलवली. "दाखल व्हायला लागेल," म्हणाले.

मग ते ह्यांना आणि अम्मांना दाराबाहेर घेऊन गेले. मोठमोठे शब्द वापरले तर या लोकांना कळायचं नाही, म्हणून बिचाऱ्यांनी अगदी सोपं करून सांगितलं. "त्यांच्या काळजाला सूज आलीय. आत पू झालाय. फार जपायला हवं. उठणं, बसणं, हालचाल, काही म्हणजे काही नको."

अम्मा तिथेच पायरीवर बसल्या. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला, डाव्या बाजूला.

आता यात चूक कुणाची म्हणायची? आपल्या बोलण्यात काळीज दोन ठिकाणी असतं. खाटकाच्या दुकानात मागितलं तर उजवीकडचं मिळतं, तपकिरी, मऊ, पुस्तकात ज्याला यकृत म्हणतात ते. बाकी सगळीकडे ते डावीकडे असतं. काळजाचं पाणी होतं ते तिथे, काळजाचा ठोका चुकतो तोही तिथेच, आणि लेकीला काळजाचा तुकडा म्हणतात तेव्हा कुणी खाटकाचा विचार करत नाही. डॉक्टर पहिल्या काळजाबद्दल बोलले. आमच्या घराने दुसरं ऐकलं.

मला तर कुणी काहीच सांगितलं नाही. "थोडी सूज हाय, उतरंल," एवढंच. माझ्यासमोर तो शब्द काढायचा नाही असं त्यांनी त्या पायरीवरच ठरवून टाकलं होतं.

उताणी

दवाखान्यात मला उताणं निजवलं आणि तसंच ठेवलं. रोज एक इंजेक्शन मिळायचं. ते औषध हृदयावर जड जातं, म्हणून डॉक्टर रोज येऊन डाव्या छातीवर नळी लावून ऐकायचे, नाडी बघायचे. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. घरच्यांनी मात्र ती नळी पाहिली आणि त्यांची उरलीसुरली शंकाही मिटली. एके दिवशी डॉक्टरांनी उजव्या बरगडीतून जाड सुई घालून पू ओढून काढला. भांड्यात पडला तो पांढरा नव्हता, वाटलेल्या चिंचेसारखा होता. त्या दुखण्याबद्दल मी लिहीत नाही. ज्याला भोगायचंय त्याला आधीपासून भीती कशाला. एवढंच सांगते की त्यानंतर तापाने माझी मानगूट सोडली आणि मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

सुई उजवीकडून घातली म्हटल्यावर तरी घरच्यांच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण अम्मांकडे त्याचंही उत्तर तयार होतं. त्या ह्यांना म्हणाल्या, "डावीकडनं घातली असती तर काळजात घुसली असती. म्हनून डाक्टरनं आडबाजूनं घातली. हुशार हाय."

सगळ्यात मोठी शिक्षा होती ती लाजेची. बेडपॅन घ्यायचं ते खाटेवरच, दहा बायकांच्या खोलीत. पहिल्या दिवशी मी रडले आणि दिवसभर पाणीच प्यायले नाही. शेजारच्या खाटेवर वरवंडच्या चंद्राबाई होत्या, पोटाचं ऑपरेशन झालेल्या, पन्नाशीच्या, शेतातल्या कामाने रापलेल्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"लाज कशापायी धरतीस गं?" त्या म्हणाल्या. "आतड्याला काय ठावं, कुनाच्या घरची सून हाय ते?"

आणि त्यानंतर माझी वेळ आली की त्या भिंतीकडे तोंड करून स्वतःच्या म्हशींची नावं घेऊन मोठमोठ्याने बोलायला लागायच्या, म्हणजे माझ्याकडचा आवाज कुणाला ऐकू जाऊ नये. त्या म्हशींचे मी अजून उपकार मानते.

उताणं पडल्या पडल्या माझी माझ्याच शरीराशी ओळख झाली. शाळेत आमच्या वर्गात माणसाच्या शरीराचा तक्ता होता. मास्तर छडी लावून दाखवायचे, हे फुप्फुस, हे जठर. आम्ही मुली लाजून खाली बघायचो, त्यामुळे गळ्याच्या खालचा माणूस मी कधी धड पाहिलाच नाही. आता काम नव्हतं, तर कान आतच लागले. जेवल्यावर थोड्या वेळाने पोटात डाव्या बाजूने गुडगुड सुरू व्हायची आणि हळूहळू सरकत जायची. उशीवर कान दाबला की ठोके ऐकू यायचे. नखं वाढत होती, केस वाढत होते, मला न विचारता. एवढी मी निकामी पडलेली, पण आत एकही जण कामावर खाडा करत नव्हता. मला त्यांची दया यायची आणि लाजही वाटायची, कारण इतकी वर्षं मी त्यांची साधी चौकशी केली नव्हती.

एकदा मी डॉक्टरांना विचारलं, "आजार बरगडीखाली, मग खांदा का दुखत होता?"

ते खूश झाले. म्हणाले, "छाती आणि पोटाच्या मधे एक पडदा असतो. सूज त्या पडद्याला टेकली. त्या पडद्याची आणि खांद्याची खबर मेंदूकडे एकाच वाटेने जाते. त्यामुळे मेंदूची फसगत होते, दुखतं इकडे आणि वाटतं तिकडे."

दुखतं इकडे आणि वाटतं तिकडे. आमच्या घराचीही नेमकी तीच गत झाली होती.

डबा

अम्मांचं वैद्यकशास्त्र चुलीवरचं होतं. ज्याचं जे दुखेल त्याला बकऱ्याचं तेच खाऊ घालायचं. गुडघे धरले, तर पायाचं सूप. मुलाचा अभ्यास होईना, तर भेजा. ह्यांना मुतखड्याचा त्रास झाला तेव्हा आठवडाभर गुर्दे शिजत होते. शरीरातला एकही अवयव त्यांच्या पातेल्यातून सुटला नव्हता.

तर माझ्यासाठी त्या खाटकाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "काळीज दे." त्याने त्याच्या रिवाजाप्रमाणे दिलं. ते त्या निगुतीने शिजवून, कमी तिखट घालून, बारीक करून डब्यातून आणायच्या आणि शेजारी बसून मला एकेक घास भरवायच्या. त्यांचा हात जड होता, बोलणं तर त्याहून जड. पण भरवताना त्या घास फुंकून द्यायच्या. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला कुणी फुंकून दिलेला घास आठवतच नव्हता. अम्मांवर पुढे मी खूप चिडले, ते लिहिणारच आहे, म्हणून हेही लिहून ठेवते.

अब्बा येईनासे झाले

अब्बा दर आठवड्याला शिरूरहून एस.टी.ने यायचे. खाटेशेजारी जमिनीवर बसायचे, कारण स्टुलावर बसलं की बाईमाणसांच्या खोलीत फार उंच दिसतो असं त्यांना वाटायचं. बोलायचे कमी. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. मग एका आठवड्यात ते आले नाहीत, पुढच्याही नाही.

काय झालं होतं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे मी कशाकशातून जात होते ते समजेल. अब्बा भर बाजारात कोसळले होते. उजवी बाजू गेली, वाचाही गेल्यासारखीच. माझा थोरला भाऊ करीम मला न्यायला तातडीने दौंडला आला होता. आता किती दिवसांचे सोबती ते सांगता येत नाही, असं शिरूरच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. अम्मांनी त्याला दवाखान्याच्या दारातच अडवलं.

"तिच्या काळजाला सूज हाय," त्या म्हणाल्या. "हे ऐकलं तर जागच्या जागी जाईल पोरगी. तुला बाप बी घालवायचाय आन् भन बी?"

भाई बाहेर नळाखाली तोंड धुऊन आत आला आणि माझ्याकडे बघून हसला.

त्या दिवसापासून सगळेच हसायला लागले. आमचे हे तर मुळातच घुमे, पण खाटेशी येऊन चुटके सांगायला लागले, तेही अर्धे विसरून. नणंद हसायची, भाई आला की हसायचा, अम्मासुद्धा दात दाखवायच्या. मी घाबरून गेले. माणसं अशी हसतात ती कुणाशी? मी मनाशी हिशेब केला आणि उत्तर एकच आलं, की मी मरणार आहे आणि हे सगळ्यांना माहीत आहे.

खरं सांगते, मरणाची भीती पोटात राहते. ती आली की हातपाय गार पडायचे, जीभ कोरडी व्हायची, पोटातलं गुडगुडणंसुद्धा थांबायचं. माझी एकच इच्छा उरली. अब्बांना एकदा बघायचं. दुसरं काही नको.

मी विचारलं तर हे म्हणाले, "पाय मुरगळलाय त्यांचा." नणंद म्हणाली, "कोरेगावला गेलेत, माल विकायला." भाई म्हणाला, "सर्दी झाली व्हती, आता ठणठणीत हायेत. येतील की पुढच्या आठवड्यात."

ते गेल्यावर चंद्राबाई कुशीवर वळल्या. "तुला अब्बा तरी किती गं? एकाचा पाय मुरगळलाय, एक कोरेगावला गेलाय, एक शिंकतोय."

मी हसले आणि लगेच हुंदका आला. "मावशी, मी मरणार हाय का?"

"मला न्हाई वाटत तसं," त्या म्हणाल्या. "मरणाऱ्या बाईनं कालच्याला दीड भाकर खाल्ली नसती."

कुठलं?

एका दुपारी डॉक्टर अवचित आले. इंजेक्शनं संपली होती, सूज उतरत आली होती, आणि ते खुशीत होते. अम्मा मला भरवत होत्या. डॉक्टरांनी डब्यात डोकावून पाहिलं.

"वा, काय देताय?"

"काळीज हाय, डाक्टरसाहेब," अम्मा म्हणाल्या. मग माझ्याकडे चोरटी नजर टाकून हलक्या आवाजात, "काळजाला काळीज. ताकद येती."

डॉक्टर हसले. "द्या थोडं. अगदी बरोबर, हेच सुजलं होतं त्यांचं."

अम्मांचा हात डब्यावरच थांबला. "हे?"

"हेच की. तुमच्या डब्यात आहे ते." त्यांनी माझ्या उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं. "इथे असतं."

"काळीज इथं असतं," अम्मा म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या डाव्या छातीवर थाप मारली. "धडधडतं ते."

"ते नाही हो! त्याला काही झालेलं नाही. इंजेक्शनामुळे रोज तपासत होतो, एकदम खणखणीत आहे."

अम्मा किती तरी वेळ त्या डब्याकडे बघत राहिल्या. मग अम्मांनी विचारलं, आणि त्यांचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, "म्हंजी तिला वाईट काही सांगितलं... तर चालंल?"

"रडेल, दुसरं काय होणार?" डॉक्टर म्हणाले. "कसली बातमी?"

अम्मांनी सांगितलं. डबा मांडीवर तसाच, हात खरकटे, सगळं एका दमात सांगितलं. अब्बा जिवंत आहेत हेही त्यांनी शेवटी सांगितलं, आधी सांगायला हवं होतं. तेवढ्या वेळात मी एकदा मेले.

मग मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुम्ही माझा बाप माझ्यापासून चोरलात, असं म्हणाले. सुनेने सासूला दहा माणसांसमोर असं बोलायची ती वेळही नव्हती आणि तो काळही नव्हता. अम्मा एवढंच म्हणाल्या, "तुला जपायला गेले गं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात खरकटे म्हणून त्यांना ते पुसताही येत नव्हतं. शेवटी मीच माझ्या पदराने पुसलं, पुसताना भांडत होतेच.

घरच्या माणसांना माझं सांगणं एवढंच आहे. डॉक्टरांनी नाव घेतलं की बोट ठेवून दाखवायला सांगा, कुठे ते. आणि आजाऱ्याला खरं सांगा. तो रडेल. रडणं हेही शरीराचंच एक काम आहे, ते त्याला करू द्या.

शिरूर

डॉक्टरांनी दोन दिवस आणखी ठेवून घेतलं आणि मग सोडलं, झोपून जायचं, बसायचं नाही, जड उचलायचं नाही या बोलीवर. एस.टी.च्या मागच्या लांब बाकावर मी अम्मांच्या मांडीवर डोकं ठेवून गेले. प्रत्येक खड्ड्याला अम्मा माझ्या बरगडीखाली हात धरायच्या. उजव्या. वाटेत मी एकच विचारत होते, "असतील ना?" आणि त्या एकदाही हसल्या नाहीत. "ठावं न्हाई पोरी," म्हणायच्या. त्या न हसण्याने मला जो धीर दिला तो आधीच्या सगळ्या हसण्याने मिळून दिला नव्हता.

अब्बा पुढच्या खोलीत सतरंजीवर होते, तोंड भिंतीकडे. निम्मे झाले होते. भाई मला दारातच कुजबुजला, "कोसळल्यापास्नं अन्न गोड लागंना त्यांना. डॉक्टर म्हनतात, झटक्यानं असं व्हतं. तुझ्या आजाराचं आम्ही लई बोलत न्हाई. त्यांना सोसायचं न्हाई."

मी त्याला बाजूला सारलं आणि बसायचं नाही हे विसरून अब्बांजवळ बसले. हाक मारली. त्यांनी मान वळवली. उजवा गाल ओघळलेला, डोळा अर्धा मिटलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भाईकडे, मग पुन्हा माझ्याकडे. डावा हात उचलला, माझ्या तोंडावर ठेवला. गाल चाचपले, कपाळ चाचपलं. मग बोटं माझ्या नाकापाशी आणून थांबले. मी श्वास सोडला तो त्यांच्या बोटांना लागला असावा.

"हा...यस?" अर्ध्या तोंडाने ते म्हणाले. "तू हायस?"

"हाय, अब्बा. हाय मी."

ते रडायला लागले. एकाच डोळ्यातून पाणी येत होतं. तेव्हा आम्हाला समजलं. मी गेले आणि हे लोक आपल्यापासून लपवतायत, असं धरून ते इतके दिवस पडून होते. जेवण त्यापायी सुटलं होतं.

भाईने त्यांचे पाय धरले. "अब्बा, म्या रोज सांगत व्हतो की! हमीदा बरी हाय, बरी हाय म्हनून!"

अब्बांनी मान हलवली. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागला.

"हसून... सांगत व्हता... तुमी."

अम्मा दारात उभ्या होत्या, त्या तिथूनच परत फिरल्या आणि आत जाऊन अब्बांसाठी पेज टाकायला लागल्या. मला बसायची परवानगी नव्हती, म्हणून मी अब्बांच्याच सतरंजीवर, त्यांच्या चालत्या हाताच्या बाजूला आडवी झाले.